जहाज कुठे आहे? बोटीवाल्यांच्या घरासाठी थोडी माहिती

जून २०२५ मधली गोष्ट. बकरी ईद होऊन आठवडा झाला होता, शाळा उघडायला दोन दिवस होते. फज्रची नमाज आटोपून मी चहा ठेवत होते, तेवढ्यात गावाहून आपाचा फोन आला. सलाम-दुआही न करता ती म्हणाली, "अगं, जहाज दिसत नाही."

जहाज म्हणजे तिच्या मुलाचे. माझा भाचा एका कंटेनर फीडर जहाजावर खलाशी आहे. जेबेल अलीहून माल घेऊन त्याचे जहाज कोलंबोला निघाले होते. सुनेने मोबाईलवर जहाजे दाखवणारे अॅप घेतले आहे, त्यात भाच्याच्या जहाजाचे एक छोटे टिंब दिसते. दिवसातून दहा वेळा ते टिंब पाहायची घरातल्या सर्वांनाच सवय झाली होती. आदल्या दिवशी ते टिंब काही वेळ चक्क जमिनीवर दिसले. मग मस्कतच्या पुढे समुद्रात दिसले. आणि त्यानंतर एकोणीस तास काहीच नाही. फोन लागत नव्हता, व्हॉट्सअॅपवर एकच टिक.

दिवसही तसेच होते. २५ मे रोजी केरळच्या किनाऱ्यापुढे एमएससी एल्सा ३ हे कंटेनर जहाज बुडाले होते. ९ जूनला त्याच समुद्रात वान हाय ५०३ या जहाजाला आग लागली. ते कोलंबोहून आपल्या न्हावा शेवा बंदराकडे येत होते. त्यावरच्या २२ जणांपैकी १८ वाचले, चार बेपत्ता झाले. तिकडे इराण आणि इस्रायल यांचे युद्ध पेटलेले. त्यातच आपाच्या दिराने कुटुंबाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला: कंटेनरांनी भरलेले जहाज धडाडून जळते आहे, काळा धूर, आणि खाली एवढेच लिहिलेले, "कोलंबोजवळ जहाजाला आग". तारीख नाही, जहाजाचे नाव नाही. आपाने तो पाहिला आणि तिचे हातपाय गळाले.

मी शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. जहाजातले मला काय कळणार? पण आमच्या शेजारचे चाचा पस्तीस वर्षे बोटीवर इंजिनात होते. मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्या सकाळी त्यांनी जे समजावले आणि पुढे मी स्वतः जे शिकले, ते आज लिहिते आहे. आपल्या कोकणात तर गल्लीगल्लीत बोटीवाल्यांची घरे आहेत. कुणाच्या तरी एका रात्रीच्या झोपेला याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

फीडर म्हणजे काय?

आपल्याकडे लांब पल्ल्याची एसटी तालुक्याच्या स्टँडवर थांबते आणि तिथून छोट्या गाड्या गावोगाव जातात. समुद्रातही तसेच आहे. चीनहून युरोपला जाणारी सर्वांत मोठी कंटेनर जहाजे चारशे मीटर लांब असतात आणि वीस-वीस हजारांहून जास्त खोकी नेतात. ती प्रत्येक बंदरात शिरू शकत नाहीत आणि त्यांना ते परवडतही नाही. ती कोलंबो, जेबेल अली, सिंगापूर अशा मोठ्या ठिकाणी माल उतरवतात. तिथून आसपासच्या बंदरांत माल पोहोचवणारे आणि तिथला माल गोळा करून आणणारे मधल्या आकाराचे जहाज म्हणजे फीडर.

यात आपल्या घरच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की मोठे जहाज कधी कधी दोन-दोन आठवडे समुद्रातच असते. फीडरला मात्र दर दोन-चार दिवसांनी बंदर. बंदर म्हणजे दोर बांधणे, क्रेनखाली उभे राहणे, कंटेनरांची कुलुपे काढणे-लावणे, कागदपत्रे, तपासणी, आणि काही तासांत पुन्हा निघणे. घरच्यांना वाटते, मुलगा जवळच्या फेरीवर आहे, बरे आहे. प्रत्यक्षात जवळच्या फेरीत झोप कमी मिळते.

जहाजाचा दाखला

मुलाला शाळेत घालताना आपण दाखला पाहतो. नाव, जन्मतारीख, जन्मगाव. जहाजाचाही असाच तपशील असतो आणि तो कुणालाही पाहता येतो. चाचांनी मला एका खऱ्या फीडर जहाजाचा तपशील वाचायला लावला. जहाजाचे नाव एक्स-प्रेस पर्ल. हेच जहाज का, ते पुढे कळेल.

बांधणी: चीनमधील झौशान, २०२१. झेंडा: सिंगापूर. लांबी: १८६ मीटर. रुंदी: सुमारे ३५ मीटर. क्षमता: २,७४३ टीईयू. ग्रॉस टनेज: सुमारे ३१,६००. डेडवेट: सुमारे ३७ हजार टन. आयएमओ क्रमांक: ९८७५३४३.

आता हे समजून घेऊ. १८६ मीटर म्हणजे कबड्डीची चौदा मैदाने एकापुढे एक मांडली तर जवळजवळ तेवढी लांबी. टीईयू म्हणजे वीस फुटी एक खोके. रस्त्यावर लांब ट्रेलरवर दिसते ते चाळीस फुटी खोके दोन टीईयूंचे. ग्रॉस टनेजमध्ये टन हा शब्द ऐकू येतो, पण ते वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचे माप आहे. माल, इंधन, पाणी, शिधा आणि माणसे धरून जहाज किती वजन पेलू शकते, ते डेडवेट सांगते.

झेंडा म्हणजे नुसते कापड नव्हे. जहाज ज्या देशात नोंदलेले असते, त्या देशाचा कायदा त्या जहाजावर चालतो. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा आणि खलाशी तिसऱ्याच देशाचे, हे समुद्रावर रोजचेच आहे. एल्सा ३ वर लायबेरियाचा झेंडा होता. काही वाद झाला, पगार अडकला, तर कुठल्या देशाच्या दारात जायचे ते या एका शब्दावर ठरते.

सर्वांत महत्त्वाचा मात्र आयएमओ क्रमांक. जहाज विकले जाते, नाव बदलते, झेंडा बदलतो, रंगही बदलतो. पण हा सात आकडी क्रमांक जहाज बांधल्यापासून भंगारात जाईपर्यंत एकच राहतो. त्यात एक गंमत आहे, ती मी आता वर्गातल्या मुलांनाही करून दाखवते. पहिल्या सहा आकड्यांना ओळीने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचे आणि बेरीज करायची. ९८७५३४३ घ्या: ६३, ४८, ३५, २०, ९ आणि ८. बेरीज १८३. शेवटचा आकडा ३, आणि क्रमांकाचा सातवा आकडाही ३. जुळले. कुणी लिहून घेताना एखादा आकडा चुकवला, तर सहसा इथेच पकडला जातो.

त्या व्हिडिओतले जहाज

चाचांनी व्हिडिओ पाहताच सांगितले होते, "बेटी, हे चार वर्षांपूर्वीचे आहे. हे एक्स-प्रेस पर्ल." मी आपाला तसे कळवले. पण तिचा दीर ऐकेना. "नाव बदलून तीच जहाजे चालवतात," तो म्हणाला. नावे बदलतात हे खरेच आहे, म्हणून नुसत्या नावावर वाद मिटला नसता. मी सुनेला सांगितले, "तुझ्या अॅपवर आपल्या जहाजाचा आयएमओ क्रमांक वाच." तिने वाचला. तो वेगळा होता. म्हणजे ती दोन वेगळी जहाजे. आपाला त्या दिवशीचा पहिला घोट चहा तेव्हा गेला.

पण एक्स-प्रेस पर्लची कहाणी इथे थोडक्यात सांगायला हवी, कारण तपशिलाच्या कागदातून काय कळत नाही ते तिच्यावरून समजते.

हे जहाज फेब्रुवारी २०२१ मध्ये ताब्यात आले, मे महिन्यात जळाले. जेमतेम तीन महिने वयाचे. जेबेल अलीहून ते कतारच्या हमाद बंदरात गेले, तिथून गुजरातच्या हझिरा बंदरात आणि मग कोलंबोला. जहाजावर १,४८६ कंटेनर होते. एका कंटेनरमधून नायट्रिक अॅसिड गळत होते, हे खलाशांच्या लक्षात वाटेतच आले होते. तो कंटेनर उतरवून घ्यावा अशी विनंती हमादला केली गेली, हझिराला केली गेली. दोन्हीकडे तो उतरवला गेला नाही. अशा गळक्या कंटेनरसाठी तशी सोय हाताशी नाही, असे कारण मिळाले. जहाज पुढे निघाले. २० मे रोजी कोलंबोबाहेर नांगरावर असताना आग लागल्याचे कळवले गेले. २५ मे रोजी स्फोट झाला आणि सर्व २५ जणांना उतरवण्यात आले. त्यांत फिलिपाइन्स, चीन आणि रशियाच्या लोकांबरोबर भारतीयही होते. दोघे जखमी झाले, पण सर्वांचे जीव वाचले.

श्रीलंकेचे नौदल आणि आपल्या तटरक्षक दलाची जहाजे दिवसेंदिवस आगीशी झुंजत होती. २ जूनला जहाज ओढून खोल समुद्रात न्यायचा प्रयत्न झाला, पण सुमारे २१ मीटर पाण्यात त्याची मागची बाजू तळाला टेकली. हळूहळू सारे जहाज बुडाले. त्यातले प्लास्टिकचे बारीक दाणे श्रीलंकेच्या किनाऱ्यावर मैलोन् मैल पसरले, मासेमारी बंद झाली, कोळ्यांच्या चुली थंड पडल्या. जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक अब्ज डॉलरची भरपाई द्यायचा आदेश दिला.

आता एल्सा ३ शी तुलना करा. ते जहाज १९९७ चे, अठ्ठावीस वर्षांचे. लांबी १८४ मीटर, म्हणजे पर्लएवढेच. ते विळिंजमहून कोचीला जाताना कलंडले. त्यावरचे सर्व २४ जण वाचले. एक कोरे करकरीत जहाज, दुसरे म्हातारे, दोन्ही समुद्राच्या तळाशी गेली. म्हणजे जहाज नवे आहे म्हणून निर्धास्त होऊ नये आणि जुने आहे म्हणून रोज रडू नये. लांबी-रुंदी आणि वय कागदावर असते. खोक्यांत काय भरले आहे, ते कसे बांधले आहे आणि धोका दिसल्यावर बंदरातली माणसे काय करतात, हे कागदावर नसते.

टिंब का हरवते?

आता आपाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. जहाज गेले कुठे?

आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या तीनशे ग्रॉस टनेजच्या वरच्या जहाजांवर एआयएस नावाचे यंत्र असावेच लागते. ते रेडिओवरून सतत सांगत असते: मी अमुक जहाज, अमुक ठिकाणी, अमुक वेगाने, अमुक दिशेला चाललो आहे. दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊ नये, यासाठी ते यंत्र आहे. घरच्यांना टिंब दिसावे म्हणून ते बसवलेले नाही. त्याचा आवाका बेताचाच. किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण वीस ते चाळीस सागरी मैलांपर्यंत ते ऐकू येते. जहाज त्यापलीकडे गेले, की फक्त उपग्रहाला ऐकू येते, आणि उपग्रहाची माहिती बहुतेक अॅप पैसे घेतल्याशिवाय दाखवत नाहीत. जेबेल अलीहून कोलंबोला जाणारे जहाज मस्कतच्या पुढे खुल्या अरबी समुद्रात शिरते. तिथे फुकटच्या अॅपवर दोन-तीन दिवस टिंब न दिसणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. चाचा म्हणाले, "जहाज हरवलेले नाही, आपला कान पोहोचत नाही."

मग ते जमिनीवर कसे दिसले? त्या जूनमध्ये युद्धामुळे आखातात जीपीएसचे सिग्नल बिघडवले जात होते. शेकडो जहाजे नकाशावर भलतीकडेच दिसत होती, काही तर जमिनीवर. जहाज पाण्यातच होते, नकाशा चुकत होता.

अॅप पाहताना आणखी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, टिंब कितीही स्पष्ट दिसले तरी आधी 'शेवटचा सिग्नल कधी आला' ते पाहावे. अॅपवरची वेळ अनेकदा जागतिक घड्याळाची असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ.

दोन, पोहोचण्याचे बंदर आणि वेळ जहाजावरचा अधिकारी हाताने भरतो. घाईत जुनेच बंदर तसेच राहते. 'मुलगा कोलंबो म्हणाला आणि इथे हमाद लिहिले आहे' म्हणून घाबरू नये.

तीन, वेग नॉटमध्ये असतो. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. चौदा नॉट म्हणजे तासाला सुमारे सव्वीस किलोमीटर. जेबेल अली ते न्हावा शेवा अंतर साधारण अकराशे सागरी मैल, म्हणजे या वेगाने सव्वातीन दिवस. हा हिशेब एकदा वहीत मांडला की रोजची निम्मी घालमेल कमी होते.

चार, वेग शून्य म्हणजे बंद पडले असे नव्हे. बंदराबाहेर नंबर लागेपर्यंत जहाजे नांगर टाकून उभी राहतात.

टिंब हलतच नसेल तर?

एका बाबतीत मात्र जागे राहायला हवे. दिसेनाशा झालेल्या टिंबापेक्षा, आठवडे लोटले तरी जागचे न हलणारे टिंब जास्त चिंतेचे असू शकते. कधी दुरुस्ती असते. पण कधी मालकाने जहाज आणि माणसे दोन्ही वाऱ्यावर सोडलेली असतात. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे आयटीएफच्या, नोंदीप्रमाणे २०२४ मध्ये तीन हजारांहून अधिक खलाशी असे टाकून दिले गेले, आणि त्यांत सर्वांत जास्त आपले भारतीय होते.

यासाठी कायदा आहे. सागरी कामगारांचा एमएलसी हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे दोन महिने पगार मिळाला नाही, तर खलाशाला टाकून दिले असे मानता येते. अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्न-पाणी आणि घरी यायचे तिकीट यासाठी विमा असणे बंधनकारक आहे, आणि त्या विम्याचा कागद जहाजावर सर्वांना दिसेल असा लावलेला असला पाहिजे. पण दोन महिने पगार आला नाही हे घरात आधी कळते, कारण बँकेचा मेसेज घरी येतो. म्हणून 'पुढच्या महिन्यात येईल' म्हणत सहा महिने गप्प बसू नये.

घरात काय लिहून ठेवावे

आपाच्या घरात आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिले आहे: जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक, झेंडा, ज्या एजंटामार्फत मुलगा गेला त्याचे नाव, पत्ता आणि आरपीएसएल परवान्याचा क्रमांक, मुलाचा सीडीसी आणि इंडॉस क्रमांक, आणि करार सुरू झाल्याची व संपण्याची तारीख. सोबत कराराची प्रत. परवाना खरा आहे का, ते डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर पाहता येते. हे काम पैसे भरण्याआधी आणि विमानात बसण्याआधी करायचे असते. जहाज बदलले की त्याच रात्री कागद बदलायचा. आणि एक नियमच केला आहे: तारीख आणि आयएमओ क्रमांक पाहिल्याशिवाय जळत्या जहाजाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही. दिराने तो मुकाट्याने मान्य केला.

आमची दादी 'रामदास' बोटीची आठवण सांगायची. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. कित्येक तास मुंबईला खबर नव्हती, बायका धक्क्यावर वाट पाहत उभ्या होत्या. दादी म्हणायची, खबर नसणे हीच मोठी सजा. आज आपल्या हातात इतकी खबर आहे, की कोणती खरी ते ओळखायला शिकावे लागते.

तिसऱ्या दिवशी दुपारी टिंब कन्याकुमारीच्या खाली उगवले. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. जहाजावरचे इंटरनेट बंद पडले होते, एवढेच. आपाने विचारले, "जेवलास का?" मग फोन माझ्याकडे आला. मी विचारले, "झोप किती होते रे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खाला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

नियम असा आहे, की चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भाच्याच्या हिशेबात त्या आठवड्यात तेवढे तास भरत नव्हते, पण नोंदवहीत भरत होते. मी त्याला सांगितले, खरे तास आपल्या छोट्या डायरीत रोज लिहीत जा. तो लिहितो.

आपल्या घरचे कुणी बोटीवर असेल, तर टिंब जरूर पाहा. आयएमओ क्रमांक पाठ करा. पण फोन लागला की 'कुठे आहेस' यात वेळ घालवू नका. ते नकाशा सांगेल. झोप झाली का, पगार आला का, करार संपायला किती दिवस उरले, हे विचारा. हे त्याच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.